सागरी शोभिवंत माशांचे रोग : निदान आणि उपचार

कोकण किनाऱ्यावरील शेतकऱ्यास मासा परका नाही. तथापि काचेच्या टाकीत ठेवावयाचा, काही महिने पोसावयाचा आणि जिवंतच विकावयाचा समुद्री मासा ही त्याच्या दृष्टीने नवी बाब आहे. जाळ्यातील मासळी मेली तरी ताजी असेपर्यंत तिला भाव येतो. शोभेचा मासा मेला की त्याची किंमत तत्क्षणी शून्य होते, आणि त्यास घातलेले खाद्य, विजेचा खर्च व बचतगटातील भगिनींची मेहनत ही सर्व त्याबरोबर बुडतात. यास्तव या जोडधंद्यात पडणाऱ्याने खाद्याच्या आधी रोगाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हापासून महाराष्ट्रातील सामान्य माणूस समुद्रातील रंगीत मासे काचेआड पाहू लागला. मात्र पुष्कळ वर्षे असे मासे समुद्रातून पकडूनच आणावे लागत. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम येथील केंद्रांनी क्लाउन माशाची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी करून दाखविली. आपल्या राज्यातही ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात या माशांची उबवणी सुरू झाली. त्यामुळे उबवणी केंद्रातील पिल्ले आणून ती विक्रीयोग्य होईपर्यंत वाढविण्याचे काम किनाऱ्यावरील गावांच्या आवाक्यात आले आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असणारा हा मासा दिसावयास सुरेख, टाकीत लवकर रुळणारा आणि बाजारात मागणी असलेला आहे. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः त्यासच धरून केले आहे. इतर समुद्री शोभिवंत माशांनाही ते बहुतांशी लागू पडेल.

मासे मरू लागले की मनुष्य घाबरतो आणि दुकानदार देईल ते औषध टाकीत ओततो. एक औषध लागू पडले नाही तर दुसरे, दुसरे नाही तर तिसरे. तीन औषधे एकत्र झालेल्या पाण्यात निरोगी मासाही टिकत नाही, आणि मग मृत्यू रोगाने आला की औषधाने हे सांगता येत नाही. कपाशीचे झाड सुकले म्हणजे तो मर रोगच असे अनुभवी शेतकरी मानीत नाही. मुळाशी पाणी साचले असेल, खोडात कीड असेल, किंवा पाण्याचा ताणही पडला असेल, हे तो आधी पाहतो. तीच दृष्टी येथे हवी. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाणी तपासावे, नंतर मासा पाहावा, आणि मगच रोगाचे नाव घ्यावे.

प्रथम पाणी

टाकीतील सर्व मासे एकाच वेळी, काही तासांच्या आत, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर दोष बहुधा पाण्याचा असतो. याउलट आज एक, उद्या दोन, परवा चार अशा चढत्या क्रमाने मासे आजारी पडत असतील तर सांसर्गिक रोगाचा संशय घ्यावा. ही कसोटी साधी आहे. तिला अपवादही आहेत. परंतु पहिल्या पाच मिनिटांत कोणत्या दिशेने शोध करावा हे ती सांगते. म्हणून प्रत्येक टाकीशेजारी एक वही ठेवावी व मेलेल्या माशांची संख्या तारीख-वेळेसह नोंदवावी. ज्या ठिकाणी वही नसते त्या ठिकाणी ‘कालपासून मरताहेत’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्यावरून निदान होत नाही.

पाण्यातील मुख्य शत्रू अमोनिया होय. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेले खाद्य कुजून तो तयार होतो. टाकीच्या गाळणीत राहणारे उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नव्या गाळणीत पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी भरली, पाणी निवळले, आणि त्याच आठवड्यात शंभर पिल्ले सोडली, तर अमोनिया चढणारच. गोड्या पाण्यात मासे पाळलेल्या माणसाची येथे हमखास फसगत होते. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते. त्याचा सामू ८.० ते ८.४ च्या दरम्यान राहतो. पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अमोनियाचा विषारी भाग अधिक. ७ सामूच्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सहज सोसतो तेवढाच समुद्री टाकीत त्याचे कल्ले पोळून काढतो. तपासणी संचात अमोनियाचा रंग किंचित जरी दिसला तरी त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, मेलेले मासे व तळाचा गाळ काढावा, आणि टाकीतील चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे व तितक्याच खारटपणाचे असावे. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास त्यातील क्लोरीन आधी घालवावा.

खारटपणाबाबत दोन चुका नेहमी होतात. टाकीतील पाणी वाफ होऊन उडते, परंतु मीठ मागे राहते. पातळी खाली गेली म्हणून समुद्राचेच पाणी ओतीत गेल्यास खारटपणा दिवसेंदिवस वाढतो. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावी. दुसरी चूक पावसाळ्यातली. मृगाच्या सरी सुरू झाल्या की खाडीच्या मुखाशी व किनाऱ्यालगत पाण्याचा खारटपणा उतरतो, पाणी गढूळ होते आणि शेतांतून वाहून येणारी खते व औषधेही त्यात मिसळतात. मे महिन्यात जेथून उत्तम पाणी मिळाले तेथूनच जुलैत भरलेले पाणी निम्म्या खारटपणाचे असू शकते. यास्तव पावसाळ्यापूर्वीच पाण्याचा साठा करून तो गाळून, झाकून, अंधारात ठेवावा. क्लाउन माशास दर हजारी ३० ते ३५ भाग खारटपणा व २६ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. हे मापण्यास तरंगणारा घनतामापक चालतो. परंतु त्याच्या काचेवर मीठ साचले की तो खोटे सांगू लागतो. दोन-चार गटांनी मिळून एक चांगला रिफ्रॅक्टोमीटर घेतल्यास तो खर्च वाया जात नाही.

मासा पाहणे

पाणी निर्दोष आढळल्यास माशाकडे वळावे. पाहणीची उत्तम वेळ सकाळची, खाद्य घालण्यापूर्वीची. टाकीसमोर पाच मिनिटे स्तब्ध बसावे, कारण मनुष्य जवळ येताच आजारी मासाही क्षणभर हुशारीने पोहतो. निरोगी क्लाउन मासा खाद्याची चाहूल लागताच पुढे येतो. जो मागे राहतो, पर मिटून कोपऱ्यात किंवा हवेच्या बुडबुड्यांशी उभा राहतो, दगडावर अंग घासतो, किंवा ज्याचा एकच कल्ला हलताना दिसतो, त्याच्यावर नजर ठेवावी. घड्याळ लावून त्याच्या कल्ल्यांची उघडझाप एका मिनिटात किती होते ते मोजावे व शेजारच्या निरोगी माशाच्या आकड्याशी ताडून पाहावे. श्वास दीडपट झाला असेल तर अंगावर काही दिसो वा न दिसो, कल्ल्यांत बिघाड आहे असे समजावे.

त्यानंतर खोलीतील दिवे मालवून विजेरीचा प्रकाश माशाच्या अंगावर समोरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा. समोरून न दिसणारी बारीक धूळ किंवा फिकट चिकटा अशा तिरप्या उजेडात लख्ख दिसतो.

क्लाउन माशांत वारंवार येणारे व थोडक्या दिवसांत टाकी रिकामी करणारे रोग मुख्यतः तीन. त्यांची लक्षणे आरंभी एकमेकांसारखी भासतात, उपचार मात्र वेगळे आहेत. घोटाळा होतो तो येथेच.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

अंगावर व परांवर मिठाचे खडे शिंपडावे तसे सुटे, उठावदार पांढरे ठिपके दिसतात. मासा अंग घासतो, पण पुष्कळदा खाणे चालू ठेवतो. क्रिप्टोकॅरियॉन नावाचा, अंगावर सूक्ष्म लव असलेला एकपेशीय परोपजीवी या रोगास कारण आहे. तो माशाच्या त्वचेच्या आत शिरून बसतो, आणि म्हणून वरून घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या जीवाचा आयुष्यक्रम समजून घेतल्याखेरीज उपचाराचा अर्थ कळत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगणे जरूर आहे. माशाच्या अंगात तो ३ ते ७ दिवस पोसला जातो. पूर्ण वाढला की बहुधा रात्रीच्या अंधारात माशाला सोडून तळाशी जातो व स्वतःभोवती कठीण कवच करतो. त्या कवचात त्याचे विभाजन होत राहते आणि एकापासून सुमारे २०० पर्यंत, कधी त्याहूनही अधिक, पिल्ले तयार होतात. काही कवचे तीन दिवसांत फुटतात, काहींना चार आठवडे लागतात, तर थंड पाण्यात याहूनही अधिक काळ लागल्याचे आढळले आहे. बाहेर पडलेली पिल्ले पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात.

औषध चालते ते केवळ या पोहणाऱ्या पिल्लांवर. माशाच्या त्वचेतील जीव सुरक्षित, तळाच्या कवचातील जीवही सुरक्षित. शेतातील उभे तण खुरपून काढले तरी जमिनीत बी शिल्लक असते व पुढच्या पावसाला ते उगवते. येथील प्रकार अगदी तसाच आहे. आता पाळणाऱ्याची फसगत कशी होते ते पाहावे. सोमवारी ठिपके दिसले, मंगळवारी औषध घातले, शुक्रवारी ठिपके नाहीसे झाले. औषध लागू पडले असे वाटून उपचार थांबविला जातो. वस्तुतः औषध घातले नसते तरी शुक्रवारी ठिपके गेलेच असते, कारण जीव पोसून माशावरून उतरले व तळाशी गेले. पुढल्या आठवड्यात एका ठिपक्याच्या जागी पन्नास ठिपके येतात, आणि ती लाट माशांना सोसत नाही. म्हणून ठिपके गेल्याच्या दिवशी उपचार संपत नाही हे पक्के ध्यानात ठेवावे.

उपचाराचा एक मार्ग औषधावाचूनचा आहे व लहान प्रमाणावर काम करणाऱ्यांना तो विशेष सोयीचा पडतो. दोन साध्या टाक्या किंवा प्लॅस्टिकचे टब घ्यावेत. मासे पहिल्या टबात ठेवावेत. तीन दिवस पुरे होण्याच्या आत ते सकाळी दुसऱ्या, पूर्ण कोरड्या व स्वच्छ टबात नव्या पाण्यात हलवावेत. जुना टब, जाळी, हवेची नळी व दगड धुऊन कडक उन्हात वाळवावेत. असे दर तीन दिवसांनी एकंदर चार वेळा करावे. माशावरून उतरलेला जीव तळाशी कवच करतो, पण त्याचे कवच फुटण्याच्या आत मासे तेथून गेलेले असतात. कवचास वाळवण सोसत नाही. या पद्धतीस मेहनत पडते, परंतु विष वापरावे लागत नाही व चूक झाल्यास मासा मरत नाही.

दुसरा मार्ग पाण्याचा खारटपणा उतरविण्याचा. उपचार टाकीतील खारटपणा दोन दिवसांत हळूहळू दर हजारी १५ ते १६ भागांवर आणून तो किमान २१ दिवस, शक्य तर महिनाभर, तेथेच राखावा. एक-दोन भागांची चूकही येथे चालत नाही, सबब भरवशाचे माप हाताशी असल्याशिवाय हा मार्ग धरू नये. पुन्हा मूळ खारटपणावर येताना घाई करू नये, आठवडाभर घ्यावा. या जीवाच्या काही जाती कमी खारटपणाही सोसतात असे आढळले आहे. उपचार चालू असता ठिपके वाढू लागले तर ताम्रोपचाराकडे वळावे. त्याची रीत पुढे दिली आहे.

मखमल रोग

याचे ठिपके इतके बारीक असतात की अंगावर पिवळसर पीठ किंवा धूळ बसल्यासारखी दिसते, आणि तीही तिरप्या उजेडातच. पुष्कळदा ही धूळ दिसण्यापूर्वीच मासे मरतात, कारण अ‍ॅमिलूडिनियम नावाचा हा जीव प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो. खाणे एकाएकी सोडणे, श्वास अतिशय जलद होणे, पंपाच्या प्रवाहात तोंड देऊन उभे राहणे आणि उजेड टाळणे ही त्याची लक्षणे होत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात हाती आठवडा असतो. येथे दोन-तीन दिवसही मिळत नाहीत.

हा जीव कल्ल्यांत मुळासारखे तंतू रोवून बसतो. तोही पोसल्यावर गळून तळाशी विभाजतो व एकापासून २५६ पर्यंत पोहणारी पिल्ले निघतात. त्यास कमी खारटपणाचे भय नाही. दर हजारी ३ पासून ४५ भागांपर्यंत तो तग धरतो. म्हणून पांढरा ठिपका समजून पाणी गोडावीत बसणारा मनुष्य येथे सर्व मासे गमावतो. या रोगाचा संशय येताच माशास गोड्या पाण्याचे स्नान घालून त्याच दिवशी ताम्रोपचार सुरू करावा.

गोड्या पाण्याचे स्नान म्हणजे क्लोरीनविरहित गोडे पाणी, टाकीच्याच तापमानाचे, त्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून सामू ८ च्या आसपास आणलेले. त्यात जोराने हवा सोडून मासा ३ ते ५ मिनिटे ठेवावा. आडवा पडून निपचित झाल्यास ताबडतोब काढावा. या स्नानाने सर्व जीव मरत नाहीत. काही गळून पडतात व माशास श्वास घेण्यापुरती उसंत मिळते. स्नानाचे पाणी काळ्या तळाच्या भांड्यात घेतल्यास आणखी एक लाभ होतो. माशाच्या अंगावर चपटे किडे असतील तर ते गोड्या पाण्यात पांढरे पडून तळाशी गळतात व डोळ्यांना दिसतात. तसे झाल्यास रोग निराळा आहे, आणि त्यावर प्राझिक्वांटेल हे औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याने वापरावे.

क्लाउन माशाचा चिकटा रोग

ब्रुक्लिनेला नावाच्या जीवाने होणारा हा रोग क्लाउन माशांत इतका आढळतो की व्यापारी त्यास त्या माशाच्याच नावाने ओळखतात. समुद्रातून पकडलेल्या व प्रवासाने खचलेल्या माशांत तो विशेष येतो. सुटे ठिपके दिसत नाहीत. अंगाचा रंग फिका पडतो, त्वचेवर पांढुरका चिकट थर जमून तो सालीसारखा सुटू लागतो, श्वास जलद होतो व मासा पृष्ठभागाशी राहतो. हा जीव माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, तळाशी कवच करीत नाही. म्हणून त्याची वाढ फार झपाट्याने होते; परंतु त्याच कारणाने माशाचे अंग स्वच्छ केल्यास तो आटोक्यातही लवकर येतो.

यावर तांब्याचा भरवसा धरू नये. फॉर्मॅलिनचे अल्पकाळ स्नान हा येथील उपाय आहे. बाजारात मिळणारे सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे फॉर्मॅलिन १० लिटर टाकीच्याच पाण्यात १.५ मिलिलिटर मिसळावे व मासा त्यात ३० ते ४५ मिनिटे ठेवावा. फॉर्मॅलिन पाण्यातील प्राणवायू खाते, म्हणून सर्व वेळ हवा जोराने सोडावी व माणसाने तेथून हलू नये. स्नानानंतर मासा जुन्या पाण्यात न सोडता स्वच्छ टाकीत सोडावा. दिवसाआड असे दोन-तीन वेळा करावे. ज्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला आहे ते फॉर्मॅलिन माशास अत्यंत विषारी असते. ते मुळीच वापरू नये. मनुष्यासही हे द्रव्य घातक असून त्याच्या वाफेने कर्करोगाचा धोका संभवतो. हातमोजे, डोळ्यांस चष्मा व उघडी हवा यांवाचून त्यास हात लावू नये, आणि लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी ते ठेवू नये.

ताम्रोपचाराची रीत

शेतकऱ्यास मोरचूद ठाऊक आहे. बोर्डो मिश्रणात जे मोरचूद पडते त्यातीलच तांबे येथे कामास येते. भेद आहे तो प्रमाणाचा. १ टक्का बोर्डो मिश्रणात जेवढे तांबे असते त्याच्या बारा हजाराव्या हिश्शाहूनही कमी तांबे माशाच्या पाण्यात हवे. म्हणून चिमटीने किंवा चमच्याने अंदाज करण्यास येथे जागा नाही. शेतीसाठीचे मोरचूद अशुद्ध असते, यास्तव प्रयोगशाळेत वापरावयाचे शुद्ध मोरचूद घ्यावे.

१ लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम मोरचूद विरघळवावे. अशा द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे पाव मिलिग्रॅम तांबे येते. उपचार टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व त्यास १००० ने भागावे; पाणी किती लिटर ते निघते. उदाहरणार्थ, ८० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व २५ सेंटिमीटर पाणी असलेल्या टाकीत १०० लिटर पाणी असते. दर लिटरला ०.२० मिलिग्रॅम तांबे ही वरची मर्यादा मानावी. तिच्यासाठी १०० लिटरला वरील द्रावण ७८ मिलिलिटर लागते. ते एकदम न ओतता रोज २६ मिलिलिटरप्रमाणे तीन दिवसांत घालावे. मखमल रोगात मात्र इतका वेळ नसतो. तेथे दिवसभरात तीन हप्ते करावेत व मासा सोसतो की नाही हे पाहत राहावे.

पाण्यातील तांबे दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढे किमान तीन आठवडे सतत राहिले पाहिजे. ०.१५ च्या खाली गेल्यास रोगजीव वाचतो, ०.२० च्या फार वर गेल्यास मासा मरतो. म्हणून तांब्याचा तपासणी संच घेऊन दिवसातून दोन वेळा मोजणी करावी व घट भरून काढावी. संच नसेल तर हा उपचार करू नये. टाकीत वाळू, शिंपले, चुनखडीचे दगड किंवा प्रवाळाचे तुकडे असल्यास ते तांबे शोषून घेतात व मोजणी फसते. सबब उपचार टाकी अगदी उघडी ठेवावी, माशांस लपण्यापुरते प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे टाकावेत. (शोभेकरिता किनाऱ्यावरून प्रवाळ गोळा करून आणणाऱ्यांनी हेही जाणून असावे की प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.)

कोळंबी, समुद्रफूल, गोगलगायी असे कणा नसलेले प्राणी तांब्याच्या अशा मात्रेने मरतात. क्लाउन मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणारा असल्याने दोन्ही एकाच टाकीत ठेवण्याची हौस असते. अशा टाकीत तांबे कदापि घालू नये. मासे उपचार टाकीत न्यावेत आणि मूळ टाकी माशांवाचून किमान सहा आठवडे, शक्य तर दहा-अकरा आठवडे, तशीच चालू ठेवावी. समुद्रफुलास त्याचा त्रास होत नाही, आणि तळाच्या कवचांतून निघालेल्या रोगजीवांस मासा न मिळाल्याने ते उपासमारीने मरतात. मासे बरे झाले म्हणून दोन आठवड्यांत मूळ टाकीत परत सोडणे म्हणजे तीन आठवड्यांचा खर्च फुकट घालविणे होय.

इतर लक्षणे

परांच्या कडेवर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे खडबडीत पांढरे उठाव दिसल्यास ते पांढरे ठिपके समजू नयेत. तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य विकार असून त्यावर औषध नाही. पाणी व आहार चांगला ठेवल्यास काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. अशा माशास तांबे देणे हा निव्वळ छळ आहे.

अंगावर लाल डाग, चिघळलेल्या जखमा, कुजणारे पर, गढूळ डोळे ही जिवाणूजन्य रोगाची चिन्हे होत. समुद्री टाक्यांत व्हिब्रियो गटातील जिवाणू पुष्कळदा याचे कारण असतात, आणि ते बहुतेक वेळा हाताळणीतील जखम, गर्दी किंवा वर सांगितलेल्या परोपजीवींच्या मागोमाग येतात. प्रतिजैविक औषध कोणते व किती, हे प्रयोगशाळेत तपासणी करूनच ठरवावे. ते मुख्य टाकीत ओतल्यास गाळणीतील उपयुक्त जिवाणू मरतात, अमोनिया चढतो आणि रोगाने वाचलेले मासे अमोनियाने जातात.

सूक्ष्मदर्शकाची मदत

वरील तीन रोगांत डोळ्यांनी संशय घेता येतो. खात्री सूक्ष्मदर्शकानेच होते. गावच्या माध्यमिक शाळेत असलेला, १०० पट मोठे दाखविणारा साधा सूक्ष्मदर्शक या कामास पुरतो. मासा ओल्या हातात धरून काचेच्या पातळ तुकड्याची कड त्याच्या कुशीवरून डोक्याकडून शेपटीकडे हलकेच ओढावी, आणि आलेला चिकटा काचपट्टीवर टाकीतीलच पाण्याच्या थेंबात पसरावा. गोडे पाणी वापरल्यास जीव फुटून जातात व काहीच दिसत नाही. मोठा, गोल, गर्द रंगाचा व स्वतःभोवती सावकाश फिरणारा जीव पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. तपकिरी, जागेवर चिकटलेला, न हलणारा गोळा मखमल रोगाचा. लहान, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा आणि चपळपणे सरकणारा जीव चिकटा रोगाचा. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने व सागरमित्राने एवढे ओळखावयास शिकून घेतले तरी आपल्या गावातील पुष्कळ मासे वाचवता येतील.

तपासणीसाठी नमुना पाठवावयाचा तर आजारी पण जिवंत मासा, पिशवीत त्याच टाकीचे पाणी व हवा भरून पाठवावा. मासा मरून काही तास झाले की परोपजीवी त्यास सोडून जातात, सडण्याचे जिवाणू शिरतात, आणि तपासणी करणाऱ्यास खोटे चित्र दिसते. सोबत दुसऱ्या बाटलीत टाकीचे पाणी आणि नोंदवहीतील मागील पंधरवड्याचा उतारा द्यावा. जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय, रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय व मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्याकडे याबाबत विचारणा करता येईल.

नवे मासे आणताना

वर वर्णिलेले रोगजीव टाकीत आपोआप उपजत नाहीत. ते नव्या माशाबरोबर, त्याच्या पिशवीतील पाण्याबरोबर किंवा ओल्या जाळीबरोबर येतात. प्रत्येक नवी तुकडी स्वतंत्र टाकीत ४ ते ६ आठवडे ठेवावी. पिशवीतील पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये. या टाकीची जाळी, बादली व नळी वेगळी, शक्य तर वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. रोजचे काम निरोगी माशांच्या टाकीपासून सुरू करून नव्या तुकडीच्या टाकीशी संपवावे. उलट क्रमाने गेल्यास ओल्या हातांनीच रोग पोहोचविला जातो. जागा अपुरी असेल तर विक्रीच्या टाक्यांतील एक कमी करावी, परंतु ही टाकी राखावी. एका टाकीत किती पिल्ले कमी मावतील याचा हिशेब गट नेहमी मांडतात. रोग शिरल्यास त्या छपराखालील सर्व टाक्या जातील, हा हिशेबही त्याच वहीत मांडून पाहावा.